आवडता पिक्चर पुन्हा की न पाहिलेला? दोन्ही जमवायची माझी पद्धत

शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की सोफ्यावर बसायचं, रिमोट हातात घ्यायचा, आज काहीतरी वेगळं बघूया म्हणायचं, मग चाळीस मिनिटं नुसती पोस्टरं सरकवायची आणि शेवटी 'अशी ही बनवाबनवी' लावायचा. आमच्या घरी कित्येक वर्षं हे असंच चालायचं. पिक्चर भारीच आहे, त्याबद्दल वादच नाही, १९८८ साली आला तेव्हापासून आजपर्यंत त्याचा कंटाळा आलेला माणूस मी तरी पाहिला नाहीये. पण एक वर्ष मी सहज वहीत लिहून ठेवलं काय काय पाहिलं ते, आणि डिसेंबरमध्ये मोजलं तर दर चार पिक्चरमागे तीन आधी पाहिलेले निघाले. मला वाईट वाटलं, कारण 'बघायचेत बघायचेत' म्हणून साठवलेली यादी दोन पानं भरून तशीच पडलेली होती आणि त्यातली काही नावं तर कॉलेजपासूनची होती.

मग पुढच्या वर्षी मी उलटं केलं, फक्त न पाहिलेले बघायचे, जुन्याला हातच लावायचा नाही. तेही फसलं. भराभर पाहिले, वहीत टिकमार्क वाढत गेले, आणि सहा महिन्यांनी कोणी विचारलं की अमुक पिक्चर कसा होता तर मला शेवटसुद्धा आठवेना. कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा आहे, तो मी फोनवर मेसेज बघत बघत एका रात्रीत संपवला. संपवला म्हणजे खरोखर संपवलाच, पाहिला असं नाही म्हणता येणार.

त्यानंतर हळूहळू एक पद्धत बसली, ती आता चार वर्षं चालू आहे, आणि तीच इथे नीट लिहून काढतेय. यात मला सापडलेली मुख्य गोष्ट ही की आवडता पिक्चर आणि न पाहिलेला पिक्चर हे एकमेकांचे शत्रू नाहीत, पाठ झालेल्या पिक्चरचं बोट धरूनच अनोळखी पिक्चरकडे जाता येतं, आणि अनोळखी पिक्चर दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय आपला होत नाही. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी वही करा, तीन पानांची

मोबाईलमध्ये नको, साधी वही घ्या. ॲपमधली यादी वाढतच जाते आणि परत उघडली जात नाही, माझा अनुभव आहे. वहीत तीन पानं पाडायची.

पहिलं पान 'पाठ'. जे पिक्चर तुम्ही तीन-चारदा पूर्ण पाहिलेत, डायलॉग तोंडावर येतात, कोणता सीन पुढे आहे हे आधीच कळतं, ते सगळे इथे.

तिसरं पान 'न पाहिलेले'. हे सोपंच आहे.

मधलं पान महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोकांच्या डोक्यात हे पानच नसतं. त्याला मी 'पाहिल्यासारखे' म्हणते. म्हणजे लहानपणी शनिवार-रविवारी दूरदर्शनवर अर्धा पाहून झोपलेले, गाणी पाठ आहेत म्हणून पिक्चरही पाहिलाय असं वाटणारे, कोणीतरी गोष्ट सांगितलेली, रील्समधून चार सीन पाहिलेले. 'जैत रे जैत' घ्या. त्यातली हृदयनाथ मंगेशकर आणि ना. धों. महानोरांची गाणी आपल्याकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रापासून गणपतीच्या स्टेजपर्यंत सगळीकडे वाजतात, पण नाग्या आणि चिंधीची गोष्ट, तो मधमाश्यांचा डोंगर, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील, हे सगळं पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत किती जणांनी बसून पाहिलंय? मी स्वतः पस्तिशीपर्यंत पाहिलेलं नव्हतं आणि विचारलं की ठामपणे 'हो पाहिलाय ना' म्हणायचे. 'सिंहासन'चंही तेच. दहाव्या वर्षी पाहिला होता, तेव्हा एवढंच कळलं की बरीच माणसं फोनवर बोलतायत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेलं ते राजकारण दहा वर्षांच्या पोराला काय कळणार.

तर ही तीन पानं प्रामाणिकपणे भरा. शंका असेल तर नाव मधल्या पानावर टाका. माझं मधलं पान सगळ्यात लांब निघालं, तुमचंही निघेल बघा.

प्रमाण ठरवा, पण हिशोब महिन्याचा ठेवा

आठवड्याचा हिशोब ठेवला की मोडतो, कोणाचं लग्न येतं, मुलाची परीक्षा येते, आणि मग सगळंच सुटतं. महिन्याचा ठेवा. मी महिन्याला साधारण आठ पिक्चर बघते, त्यात तीन न पाहिलेले, तीन पाहिल्यासारखे आणि दोन पाठ. ज्यांना महिन्याला चारच जमतात त्यांनी दोन न पाहिलेले आणि बाकीच्या दोन पानांवरचा एक एक. याहून कमी जमत असेल तर प्रमाण वगैरे सोडा, फक्त एवढंच पाळा की लागोपाठ दोन 'पाठ' वाले लावायचे नाहीत.

आजारपण, ऑफिसचा वाईट आठवडा, घरात काही दुःखाची गोष्ट झालेली, अशा वेळी हिशोब बंद. तेव्हा जो पिक्चर मनाला आधार देतो तोच लावायचा, रोज लावला तरी चालेल. वडील गेले तेव्हा मी महिनाभर दुसरं काही पाहिलंच नाही, त्यांना आवडणारे राजा परांजप्यांचे तीन-चार पिक्चर आळीपाळीने, 'जगाच्या पाठीवर' तर किती वेळा ते मोजलं नाही. त्याची नोंदसुद्धा वहीत नाही आणि ती नसावीच.

आणि कांदा चिरताना, कपडे घड्या करताना मागे चालू असलेला पिक्चर मोजायचा नाही. तो रेडिओ झाला. लावा खुशाल, फक्त 'आज एक पाहिला' म्हणू नका.

बोट धरून जायचं, म्हणजे साखळी कशी करायची

न पाहिलेल्यांची यादी सुटत नाही याचं कारण आळस नसतो, तिथली नावं सुटी सुटी पडलेली असतात हे असतं. कुठल्यातरी जगातल्या शंभर श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीतून उचललेलं नाव आणि शुक्रवारची दमलेली रात्र यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. तो संबंध आपण जोडून द्यायचा. पाठ असलेल्या पिक्चरमधला एक माणूस पकडा, नट असेल, दिग्दर्शक असेल, लेखक, एडिटर, किंवा मूळ गोष्ट कुठून आली ते पकडा, आणि त्याच्यामागे एक पाऊल जा. एकच पाऊल, लगेच दहा नाही.

आमच्या घरची पहिली साखळी 'बनवाबनवी'पासूनच सुरू झाली. तिची गोष्ट १९६६ च्या 'बीवी और मकान' वरून घेतलेली आहे, तो हृषिकेश मुखर्जींचा. तेव्हा तो पाहिला. घरातले सगळे उड्या मारून बसले कारण गोष्ट ओळखीची, मग कोणता सीन इकडे कसा आला आणि तिकडे कसा होता यावरच दोन तास गप्पा. आता हृषिदा सापडले. हृषिदा दिग्दर्शक व्हायच्या आधी बिमल रॉय यांचे एडिटर होते, 'दो बिघा जमीन' त्यांनीच एडिट केलेला. म्हणून पुढच्या महिन्यात 'दो बिघा जमीन', १९५३ चा. एरवी हा पिक्चर आमच्या घरी कोणी शुक्रवारी लावू दिला नसता, जमीन जाते, बाप कलकत्त्यात रिक्षा ओढतो, बरोबर लहान पोरगा. पण 'बनवाबनवीच्या आजोबांचा दिग्दर्शक याचा एडिटर' म्हटल्यावर मुलगा बसला, आणि शेवटपर्यंत उठला नाही. आता बिमल रॉय यांनी १९५२ साली मुंबईत झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इटलीचा 'बायसिकल थीव्हज' पाहिला होता आणि त्याचा त्यांच्यावर फार परिणाम झाला होता. म्हणून चौथा पिक्चर तो. तिथेही बाप आणि पोरगा, तिथेही शहर, आणि फक्त ८९ मिनिटं. माझ्या न पाहिलेल्यांच्या पानावर तो पंधरा वर्षं पडून होता. 'बनवाबनवी'पासून रोमच्या रस्त्यापर्यंत तीन उड्यांत पोचलो, आणि कुठेही आपण अभ्यास करतोय असं वाटलं नाही.

त्याच पिक्चरपासून दुसरी फांदी लक्ष्मीकांत बेर्डेंची. ज्यांनी त्यांना फक्त विनोदी कामात पाहिलंय त्यांनी १९९२ चा 'एक होता विदूषक' लावावा, पुलंनी लिहिलेला आणि जब्बार पटेलांनी केलेला. मला वाटतं त्या नटाला आपण किती कमी ओळखत होतो हे तिथे कळतं. मग जब्बार पटेल सापडले की 'सामना', 'मारुती कांबळेचं काय झालं?' विचारत हिंडणारा तो मास्तर, १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला पिक्चर. मग 'सिंहासन', मग 'उंबरठा'. हे सगळे एका वर्षात नका संपवू, एकेकाला दोन-दोन महिने द्या.

अजून काही साखळ्या देते, तुम्हाला सुरुवातीला उपयोगी पडतील.

'पिंजरा' बहुतेकांना पाठ असतो. त्याचं मूळ १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन पिक्चरमध्ये आहे, तिथेही एक कडक शिस्तीचा मास्तर आणि एक गाणारी बाई. आधी आपला परत बघा, आठवड्याभरात तो बघा. आणि लगेच पुढे 'सामना' लावा, कारण श्रीराम लागू आणि निळू फुले दोन्हीकडे आहेत आणि लागू दोन्हीकडे मास्तरच, पण एक मास्तर घसरत जातो आणि दुसरा घसरलेला मास्तर परत उभा राहतो. हे दोन पिक्चर मी वेगवेगळे कितीदा पाहिले असतील, शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

'मेरा साया' आईच्या पिढीला झुमक्याच्या गाण्यासकट पाठ असतो. तो १९६६ चा, आणि त्याच्या दोन वर्षं आधी राजा परांजप्यांनी तीच गोष्ट मराठीत 'पाठलाग' म्हणून केली होती. मराठीवरून हिंदी झालेला पिक्चर म्हणून तरी बघाच.

'एक रुका हुआ फैसला' आवडत असेल तर त्याचं मूळ 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', १९५७ चा, ९६ मिनिटं. इंग्रजी पिक्चरची सवय नसलेल्या माणसालासुद्धा हा कळतो, कारण गोष्ट आधीच माहीत असते आणि सबटायटल वाचता वाचता चेहरे बघायला वेळ मिळतो.

२०१२ चा 'तुकाराम' पाहिला असेल तर मागे जाऊन १९३६ चा प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांचा, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांबद्दल सगळेच बोलतात आणि बोलायलाच हवं, पण तुम्ही गौरी या बाईंनी केलेल्या जिजाईवर लक्ष ठेवा. पोरगं तापाने फणफणलेलं असताना हातात चप्पल घेऊन देवळात विठोबाला जाब विचारायला जाते ती. मी हा सीन अगणित वेळा पाहिलाय आणि दर वेळी घशाशी येतं. आणि 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नाही, शांताराम आठवल्यांनी या पिक्चरसाठी लिहिलेलं गाणं आहे ते, हे घरी सांगून बघा, जुनी माणसं मान्यच करत नाहीत.

पिक्चर आधी निवडा, दमल्यावर नाही

ही सगळ्यात छोटी आणि सगळ्यात उपयोगी पायरी. रात्री साडेनऊला माणूस दमलेला असतो आणि दमलेला माणूस ओळखीचंच काहीतरी उचलणार, त्यात चूक काही नाही, तो स्वभाव आहे. म्हणून निवड सकाळी करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा पिताना मी आठ चिठ्ठ्या लिहून फ्रिजवर लावते. चिठ्ठीवर नाव, किती मिनिटांचा, आणि कुठे मिळणार. हे 'कुठे' आधीच शोधून ठेवायचं, आणि पहिली दोन मिनिटं लावून बघायची. मी एकदा पाहुणे बोलावून एक जुना पिक्चर लावला, तर ती प्रिंट मधूनच कापलेली, दोन गाणी गायब आणि शेवटच्या वीस मिनिटांत आवाजच नाही. जुन्या मराठी पिक्चरच्या युट्यूबवर एकापेक्षा जास्त प्रिंट सापडतात, तेव्हा एकूण मिनिटं जुळवून बघा, जी लांब असेल ती बहुतेक पूर्ण असते.

दर चिठ्ठीच्या मागे एक राखीव नाव लिहा, त्याच पानावरचं. न पाहिलेल्याच्या मागे न पाहिलेलाच. नाहीतर राखीव म्हणून परत आपला नेहमीचाच येऊन बसतो.

न पाहिलेला जुना पिक्चर बघायची तयारी

टीव्हीची सेटिंग आधी. १९५० च्या आधीचे आपले जवळपास सगळे पिक्चर चौकोनी चौकटीचे आहेत, आपल्याकडे सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर, आला तो १९५९ च्या 'कागज के फूल'पासून. टीव्ही ते चित्र ताणून आडवं करतो आणि दुर्गा खोटे, शांता आपटे सगळ्या रुंद दिसतात. पिक्चर साइझमध्ये जाऊन ४:३ किंवा ओरिजिनल करा, दोन्ही बाजूला काळे पट्टे आले की बरोबर झालं. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सेटिंग असते ती बंद करा, तिने जुना पिक्चर मालिकेसारखा दिसतो. आवाजाला 'स्पीच' किंवा 'डायलॉग' मोड असेल तर तो लावा, जुन्या साउंडमध्ये बोलणं खोल गेलेलं असतं.

फोन दुसऱ्या खोलीत. उशीखाली नाही, दुसऱ्या खोलीत.

पहिला अर्धा तास पिक्चरला द्यायचाच. जुन्या पिक्चरचा वेग अंगवळणी पडायला तेवढा वेळ लागतोच, पहिली दहा मिनिटं तर आपण फक्त भाषा आणि कपडे बघत असतो. अर्ध्या तासानंतरही नाही जमलं तर खुशाल बंद करा, पण वहीत लिहा कितव्या मिनिटाला सोडला आणि का. 'झोप आली' हे वेगळं कारण आणि 'माणसं खोटी वाटली' हे वेगळं. झोपेमुळे सोडलेला पिक्चर महिन्याभरात परत लावायचा, दुसऱ्या कारणाने सोडलेला वर्षभराने. ओझू या जपानी दिग्दर्शकाचा 'टोकियो स्टोरी' मी दोनदा सोडला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मुलगा होस्टेलला गेलेला होता आणि आई आमच्याकडून परत गावी जायला निघाली होती. म्हातारे आईवडील मुलांकडे राहायला येतात आणि मुलांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट, आणि मी हलले नाही जागची.

वेग वाढवून बघायचं नाही. दोन बैठकीत बघितला तर चालतं, आपल्याकडे इंटरव्हल आहेच की. मोठे पिक्चर सुरुवातीला नको, 'राशोमोन' ८८ मिनिटांचा आहे, कुरोसावा तिथून सुरू करा, 'सेव्हन सामुराई' नंतर.

पाहिल्यासारखे वाले कसे बघायचे

हे असे बघायचे जणू कधी पाहिलेच नाहीत, आणि शक्यतो अशा माणसाबरोबर ज्याने फार पूर्वी पाहिलेत.

मागच्या वर्षी आई महिनाभर आली होती तेव्हा 'कुंकू' लावला. १९३७ चा, शांतारामबापूंचा, तरुण नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते. आई म्हणाली मी पाहिलाय, जत्रेत तंबूमध्ये, तिकीट काढून. आणि मी पण पाहिल्यासारखाच, तुकड्या तुकड्यांत. पाच-दहा मिनिटं झाली आणि आई उठली, म्हणाली आवाज गेलाय का गं, रिमोट दे. आवाज होता. बोलणं ऐकू येत होतं, भांडी वाजत होती, पावलं वाजत होती. नव्हतं ते पार्श्वसंगीत. या पिक्चरला मागून वाजणारं संगीत जवळजवळ नाहीच, जे काही आहे ते त्या घरातलंच, गाणं असेल तर ते गाणारा माणूस तिथे बसलेला, साथ असेल तर ग्रामोफोन तिथे दिसणार. मला हे वाचून माहीत होतं, तिला सांगितलं, तिने पंखा बंद केला. मार्चचा महिना, पंखा बंद, आणि मग भिंतीवरच्या त्या जुन्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. ते म्हातारं घड्याळ म्हणजे तो म्हातारा नवराच, सारखं त्याच्याकडे लक्ष जातं. आई पूर्ण वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, तंबूत जनरेटरच्या आवाजात हे घड्याळ कधी ऐकूच आलं नव्हतं.

म्हणजे तिने तो पिक्चर साठ वर्षांपूर्वी पाहिला होता आणि आज पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून मधल्या पानावरचे पिक्चर आम्ही पंखा बंद करून बघतो, अगदीच उकडत असेल तर एकवर.

पाठ असलेला पिक्चर परत बघताना

एका पिक्चरला वर्षातून एकदाच. वाढदिवसासारखं. एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं, कारण यादीत वीस आवडते असतील तर वर्षाला वीसच होतात आणि बाकी जागा आपोआप मोकळी होते. शिवाय वर्षभराची वाट पाहिल्यावर तो पिक्चर लावताना जी मजा येते ती दर पंधरा दिवसांनी लावून येत नाही.

आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट धरून बघा. एकदा फक्त दुय्यम नट, मुख्य माणूस बोलत असताना मागचा काय करतोय. एकदा फक्त जागा, घर कसं आहे, कुठल्या दारातून कोण येतं. एकदा आवाज पूर्ण बंद करून पंधरा मिनिटं. 'सिंहासन' मी मागच्या वेळी फक्त टेलिफोनसाठी पाहिला, कोण फोन उचलतं, कोणासाठी उचलतं, कोण वाट बघत ठेवतं, आणि सगळं मंत्रालय त्या एका वस्तूत दिसलं. शेवटी वहीत एक ओळ लिहायची, या वेळी नवीन काय दिसलं. दोन वेळा लागोपाठ लिहायला काही सापडलं नाही तर त्या पिक्चरला तीन वर्षं सुट्टी द्या. तो जुना झालेला नसतो, आपण अजून तेवढे बदललेलो नसतो.

एक भीती अनेकांना असते, की लहानपणी जीव टाकलेला पिक्चर आता परत पाहिला आणि नाही आवडला तर? होतं असं. माझं एक-दोन विनोदी पिक्चरच्या बाबतीत झालंय, ज्या जोकवर आम्ही भावंडं लोळायचो त्यात आता बाईची चेष्टा दिसली आणि हसू आलं नाही. त्याला मी घाबरत नाही आता. पिक्चरचं नाव पहिल्या पानावर तसंच ठेवते आणि शेजारी तारीख लिहिते. आवडलं होतं तेही खरं होतं.

घरातल्यांची सांगड

एकटं राहत असाल तर हा भाग सोडून द्या. घरात माणसं असतील तर एकच सांगते, प्रत्येकाला महिन्यातून एक चिठ्ठी द्यायची आणि त्यावर कोणी नाक मुरडायचं नाही. नवऱ्याची बहुतेक हाणामारीवाली असते, मुलाची जपानी कार्टूनची, आणि मला त्यातूनच काही फार सुंदर गोष्टी मिळाल्या ज्या मी स्वतःहून कधीच लावल्या नसत्या. अट एवढीच की त्यांनीही माझ्या चिठ्ठीला अर्धा तास द्यायचा. कोणी उठून गेलं तरी राग धरायचा नाही. आमचे हे 'बायसिकल थीव्हज'ला उठून गेले होते, आणि दाराच्या आड उभं राहून शेवट पाहिला.

घराबाहेरही बघा

शक्य असेल तिथे न पाहिलेले पिक्चर थिएटरात किंवा फिल्म सोसायटीत बघा, तिथे रिमोट आपल्या हातात नसतो, हाच मोठा फायदा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करतंय. पुण्यात तर प्रभातच्याच जुन्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे आणि जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्ह. जुने पिक्चर दुरुस्त करून परत थिएटरात लावायचं प्रमाणही हल्ली वाढलंय, तसं काही लागलं की चिठ्ठ्या बाजूला ठेवून आधी तिकिटं काढायची. कारण हे कायम राहतंच असं नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज फक्त काही भाग उरलाय. २००३ साली पुण्यात अर्काइव्हच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ रिळांसकट कितीतरी जुनी फिल्म जळाली. ती बातमी वाचून वडील दिवसभर गप्प होते, एवढंच मला आठवतंय.

डिसेंबरमध्ये पानं बदला

वर्षाच्या शेवटी एक दुपार काढून वही परत लिहा. न पाहिलेल्यातले जे पाहून झाले ते थेट 'पाठ' मध्ये जात नाहीत, ते मधल्या पानावर येतात, आणि त्यातले जे मनात राहिले त्यांना पुढच्या वर्षी दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत टिकले की मग पहिल्या पानावर. माझ्या पहिल्या पानावर चार वर्षांत अकरा नवी नावं चढली आहेत, त्यातलं एक 'बायसिकल थीव्हज', एक 'पाठलाग', आणि 'कुंकू' यंदा चढला.

तिसऱ्या पानावरची जी नावं तीन वर्षं हललीच नाहीत ती खोडून टाका. खरंच बघायचा असेल तर कुठल्यातरी साखळीतून तो परत येतोच.

या शनिवारी फ्रिजवर 'शेजारी'ची चिठ्ठी आहे, १९४१ चा प्रभातचा, एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, जिवाभावाचे शेजारी आणि त्यांच्यात पडणारी फूट. माझ्या तिसऱ्या पानावरचा. आई सकाळच्या एसटीने येतेय, फोनवर तिला नाव सांगितलं तर म्हणाली, पाहिलाय गं मी, शेवटी धरण फुटतं तोच ना. मी म्हटलं ये तू, पंखा बंद करून बघू.